न भरलेला चुडा

शनिवार, १४ जून २०२५. घोरावाडी स्टेशनपासून चालत जाता येईल असा दवाखाना. फी पंधराशे रुपये, ती माझ्या धाकट्या जावेने भरली. हजर आम्ही चौघी: डॉक्टर मॅडम, जाऊ, तिची नऊ वर्षांची मुलगी आणि मी. तपासायचं होतं ते मुलीला. शाळेतल्या बाईंनी दोनदा सांगितलं होतं की एकदा दाखवून घ्या.

माझं तिथे काम एवढंच की मुलीबद्दल सगळ्यात जास्त मला ठाऊक होतं. जाऊ लोणावळ्यात एका हॉटेलच्या रिसेप्शनवर असते, ती संध्याकाळी येते. मुलगी शाळेतून सुटली की माझ्याकडे. कुरवंड्यात आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. तिथे मी खंडाळ्याच्या बंगल्यांच्या चादरी, अभ्रे आणि टॉवेल धुऊन, घडी घालून देते. मुलगी येऊन वाळलेल्या चादरींच्या ढिगाशेजारी बसते. मी बोलत नाही, ती बोलत नाही. आमचं छान चालतं.

"आवाजाचा त्रास होतो म्हणता, म्हणजे नक्की काय होतं?" मॅडमनी जावेला विचारलं.

"मिक्सर लावला की कान झाकते. कधी कधी लाडात येऊन पण करते."

"लाडात नाही," मी म्हणाले. "मिक्सर एक वेळ चालतो, तो एकसारखा वाजतो. ताटावर ताट ठेवल्याचा आवाज वाईट. तो कानात नाही, दातांत जातो."

"हे तिने सांगितलं तुम्हाला?"

"नाही. मला जातो."

मॅडमनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मी त्यांच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहिलं. मग त्यांनी पुढचं विचारलं. कपड्याचं लेबल टोचतं का, ठरलेलं बदललं तर काय होतं, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघते का. जाऊ अडखळत उत्तरं देत होती आणि मी मध्ये मध्ये दुरुस्त करत होते. चौथ्या की पाचव्या प्रश्नाला माझ्या लक्षात आलं की मी मुलीचं उत्तर देतच नाहीये. मी आधी माझं उत्तर शोधते आणि मग ते मुलीला लागू पडतं का ते बघते. दर वेळी पडत होतं.

"आणि तुम्ही स्वतः कधी कुणाला दाखवलंय?" मॅडमनी विचारलं.

"ताईंनी?" जाऊ हसली. "अहो, आमच्या घरात सगळ्यात टापटीप त्या! चादरींच्या घड्या अशा घालतात की बंगलेवाले फोटो काढून पाठवतात. त्यांना काय झालंय?"

मुलीचं निदान पुढच्या दोन भेटींत पक्कं झालं. ऑटिझम. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. हा शब्द ज्याने केला त्याला आमच्या शेडमध्ये एक दिवस बसवायला हवं. मी स्वतःत मग्न कधी नव्हतेच. मी कायम दुसऱ्यांच्या चेहऱ्यांत अडकलेली असते: ही आता चिडली का, ती आत्ता हसली ती कशाला, मी काही चुकीचं बोलले का.

त्या शनिवारी परत येताना लोकलमध्ये आम्ही तिघी एका बाकावर बसलो. वडगावला गर्दी झाली तशी जावेने आपली पर्स मुलीच्या दुसऱ्या अंगाला उभी करून ठेवली, म्हणजे शेजारच्या बाईचा दंड तिला लागणार नाही. कुणी न सांगता केलं. मी ते बघितलं आणि माझ्या पोटात काहीतरी पेटलं. पहिल्यांदा मला वाटलं दवाखान्यातला चहा बाधला. कामशेत येईपर्यंत कळलं की तो हेवा होता. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला नऊ वर्षांच्या पोरीचा हेवा.

हे लिहिताना बरं दिसत नाही, पण होतं ते असं होतं.

त्यानंतर आमच्या घरात बदल झाले. मुलीला खणांचं ताट आलं, म्हणजे आमटी भाताला लागणार नाही. तिच्या सगळ्या फ्रॉकची लेबलं जावेने कात्रीने कापली आणि उरलेला दोरा चिमट्याने उपटला. पाहुणे आले की दारातच सांगायची, "तिच्या गालाला हात लावू नका हं, तिला आवडत नाही." आणि पाहुणे ऐकायचे! मी त्यांच्या चेहऱ्यांकडे बघत राहायचे. हेच ते लोक. माझे गाल यांच्याच पिढीने ओढलेत, आणि मी तोंड फिरवलं तर "पोरगी लय शिष्ट हाय" म्हणाले होते. माझ्या परकराचं लेबल मी ब्लेडने लपून कापायचे आणि परकर फाटला म्हणून मार खायचे. मला आमटी-भात कालवूनच खावा लागला, कारण पोटात एकत्रच होतं.

एकदा जाऊ कामावर होती आणि मुलीचं ताट मी वाढत होते. वाटलं, आमटी भातावर ओतावी. बघू तरी काय होतं. ओतली नाही. खणात वाढली, काठोकाठ न भरता. पण वाटलं होतं.

ऑक्टोबरात मी पुण्याला जाऊन स्वतःला दाखवलं. मोठ्या माणसांचं बघणाऱ्या दुसऱ्या मॅडम होत्या. दोन भेटी झाल्या. दुसऱ्या भेटीत त्या म्हणाल्या, हो, तुमचंही तेच आहे, लहानपणापासूनच असणार. त्यांना वाटलं मला हायसं वाटेल. वाटलंही असेल, पण थोडं. बाहेर पडून मी हिशोब करत होते तो दुसराच. मुलीला नवव्या वर्षी कळलं, मला सत्तेचाळिसाव्या. मधली अडतीस वर्षं मी जी माफी मागत आले ती कशाची?

नवऱ्याला त्याच दिवशी सांगितलं. तो खंडाळ्यातल्या एका बंगल्यावर ड्रायव्हर आहे. जेवत होता.

"मंग आता औषिद काय?" त्याने विचारलं.

"औषध नसतं याला."

"मंग करायचं काय?"

"काही नाही. मी अशीच आहे एवढंच."

"ते मला म्हाईतच हाय की," तो म्हणाला आणि भाकरी मागितली.

मला राग आला नाही. पण जावेच्या नवऱ्याने मुलीसाठी दोन दिवस मोबाइलवर व्हिडिओ बघून माहिती काढली होती, आणि माझ्यासाठी भाकरी मागितली गेली, हा फरक मी मनात लिहून ठेवला.

आता बांगड्यांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

काचेच्या बांगड्या मला सहन होत नाहीत. त्या हलल्या की वाजतात, आणि हात हलवल्याशिवाय बाईचं कुठलंच काम होत नाही. हे मी लग्न झाल्यापासून रोज सोसत होते. पहिल्या वर्षी उपाय म्हणून मी दोन-दोन बांगड्या एकत्र धरून त्यांवर पिवळा दोरा गुंडाळला. आवाज बंद झाला. शेजारच्या बाईने विहिरीवर हात धरून विचारलं, "हे कुठल्या देवीचं गं?"

"देवीचं नाही. आवाज येऊ नये म्हणून."

"बोलायचं नसंल तर नगं बोलू," ती म्हणाली. "नवस सांगितला का फळत न्हाई, म्हाईत हाय मला."

पंधरा दिवसांत आळीतल्या आणखी दोघींच्या बांगड्यांना पिवळा दोरा. त्यातल्या एकीला पुढे मुलगा झाला. ती नारळ आणि खण घेऊन माझी ओटी भरायला आली आणि म्हणाली, "तुमच्यामुळं झालं." मी पुन्हा खरं सांगितलं. ती माझ्या पाया पडली. सासूबाईंनी मात्र दोरे सोडायला लावले. म्हणाल्या, काकणांचं तोंड बांधू नये, घराला चांगलं नाही.

तेव्हापासून मी दुसरं करत आले. दुपारी शेडमध्ये हात साबणाच्या फेसात घातले की बांगड्या सुळकन निघतात. त्या काढून धुण्याच्या मशीनवर ठेवायच्या आणि घरात जाताना तशाच ओल्या हाताने चढवायच्या. सवाष्ण बाईने रिकाम्या हाताने राहायचं नसतं. आमच्याकडे तर बांगडी फुटली तरी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. पण शेडमध्ये कोण बघतंय? मुलगी होती, पण ती बोलत नाही.

डिसेंबरात माझ्या मुलाचं लग्न ठरलं. लग्नाआधी चार दिवस कासारीण घरी येते आणि घरच्या, भावकीच्या सगळ्या बायकांना बांगड्या भरते. वरमाईचा मान पहिला, तिला सोनेरी नक्षीच्या हिरव्या काचेचा भरगच्च चुडा. हळद, लग्न, पूजा, जागरण गोंधळ धरून पंधरा दिवस तो हातात. आणि वरमाईला त्या पंधरा दिवसांत शेडमध्ये कोण जाऊ देतं?

मला फक्त एवढंच हवं होतं: मुलाच्या लग्नात काचेशिवाय उभं राहायचं. हातात सोन्याची एक-एक बांगडी, जी वाजत नाही. म्हणजे मला त्याच्या अंगावर अक्षता पडताना बघता आलं असतं. नाहीतर मी तो दिवसही बांगड्यांचे आवाज मोजत काढणार, माझे दिवस मी मोजत काढते तसा. त्याच्या बारशाचं मला आठवतं ते फक्त बायकांच्या हातांचा आवाज.

मी जावेला गाठलं. तिला माझं पुण्याचं सांगितलं, सगळं. ती माझ्या खांद्यावर हात ठेवणार होती, तो तिने मागे घेतला. तेवढं तिला आता कळत होतं.

"मुलीसाठी तू आत्याबाईंशी बोललीस तसं माझ्यासाठी बोलशील का?" मी विचारलं. सासूबाईंना आम्ही दोघी आत्याबाई म्हणतो. "तुझं ऐकतात त्या."

"ताई, तिचं वेगळं आहे," ती म्हणाली. "ती लहान आहे. तिला सहन होत नाही. तुम्हाला सवय झालीये की एवढ्या वर्षांची."

वाईट मनाने म्हणाली नाही. पण मी त्या दिवशी चादरी धुतल्या त्या दोनदा धुतल्या, हे माझ्या तिसऱ्या दिवशी लक्षात आलं.

कासारमावशी आल्या त्या सकाळी ओट्यावर सतरंजी अंथरली. घरच्या आणि भावकीतल्या सोळा बायका बसल्या. सासूबाई उंबऱ्यापाशी पाटावर, सगळ्यांवर लक्ष ठेवून. पुरुष अंगणात मांडवाच्या बांबूंशी. कासारमावशींनी गाठोडं सोडलं आणि माझ्याकडे हात केला.

"या वरमाई. आधी तुमचा हात."

मी म्हणाले, "आधी बाकीच्यांचं होऊ द्या." भित्रेपणा होता तो. होईल तितकं पुढे ढकलायचं, एवढंच.

एकेक हात पुढे येत गेला. मावशी बोटं दाबतात, अंगठा आत वळवतात आणि बांगडी हाडावरून सरकन नेतात. थट्टा चालली होती. एका चुलत जावेला त्या म्हणाल्या, "हात लय टनक झाला गं. भाकऱ्या कमी, पोराला धपाटं जास्ती घालतीस का काय?" सगळ्या हसल्या. प्रत्येक हसण्यासोबत भरलेले हात हलत होते. मी दात आवळून बसले होते.

मग मुलीचा नंबर आला. कानांवर आवाज अडवायला आणलेले मोठे हेडफोन. जाऊ म्हणाली, "मावशी, हिला नको. हिला आवाजाचा त्रास होतो."

"बरं बाई, नगं तर नगं," कासारमावशी म्हणाल्या आणि पुढच्या बाईचा हात धरला.

बस. एवढंच. कुणी वळून बघितलं नाही. सासूबाईसुद्धा ओठाला ओठ लावून होत्या. मी त्या तीन शब्दांचा जेवढा हेवा केला तेवढा कुणाच्या सोन्याचा, घराचा, नवऱ्याचा कधी केला नाही. 'नगं तर नगं.' मला हे आयुष्यात कुणी म्हणालं नव्हतं.

मग सगळ्या संपल्या आणि मी उरले.

"मावशी, मलाही नको," मी म्हणाले. "मलाही आवाजाचा त्रास होतो. मी डॉक्टरांना दाखवलंय. मुलीचं आहे तेच माझं आहे."

मावशींच्या हातातला चुडा तसाच राहिला. त्या सासूबाईंकडे बघू लागल्या.

"काय म्हनाली?" सासूबाईंनी विचारलं.

"तिला त्रास होतो म्हनती," कुणीतरी म्हणालं.

"आत्ता? पंचवीस वरसं काय काकणं न्हाई घातली? पोराच्या लग्नातच तरास सुरू झाला व्हय?"

मी उत्तर जुळवत होते. मला वेळ लागतो. तेवढ्यात मुलीने हेडफोन एका कानावरून सरकवला आणि, जसं ती शाळेत उत्तर देते तसं, सरळ सांगितलं, "मोठी आई रोज काढते. शेडमध्ये. साबणाच्या पाण्यात हात घालून. मग मशीनवर ठेवते."

ओट्यावर कुणाचाही हात हलला नाही. मला हवी असलेली शांतता ती, पण अशी नको होती.

"रोज?" सासूबाई म्हणाल्या. "सवाष्णीनं? माझ्या पोराचा पाय उगाच न्हाई मोडला मंग!"

दोन वर्षांपूर्वी नवऱ्याचा पाय मोडला होता. तो बांबू तिथेच टाकून ओट्याशी आला.

"आये, माझा पाय मोटारसायकलीनं मोडला," तो म्हणाला. "घाटात तेल सांडलं होतं. बांगडीनं न्हाई मोडला."

दोघी-तिघी फिसकन हसल्या. मला त्याच्याकडून हे अपेक्षित नव्हतं. पण सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी आपले दोन्ही हात पुढे केले, सुरकुतलेले, मनगटापर्यंत मोकळे. सासरे जाऊन अकरा वर्षं झाली.

"हे बघ," त्या मला म्हणाल्या. नवऱ्याला नाही, मला. "मला इचार. सकाळी उटून भाकरी थापाय बसते तर हातात आवाज न्हाई. दुसऱ्या बाईचा हात धरल्यावानी वाटतं. मला कोन भरंल? मला मिळत न्हाईत म्हनून मी मरते, आन तुला मिळत्यात तर त्या तू मशीनीवर ठिवतीस?"

मला वाटत आलं होतं की त्यांचा माझ्यावर राग आहे. तो राग नव्हता. पहिल्याच फटक्यात मी ओळखलं, कारण ते मी सहा महिने स्वतःच्या पोटात बाळगत होते. त्या माझ्या हातांकडे बघत होत्या तसंच मी मुलीकडे बघत आले होते.

"मग तुम्ही भरा," मी म्हणाले. मला खरंच तसं वाटलं. त्यांना हव्यात, मला नकोत, बांगड्या एकच.

बायकांमध्ये कुजबूज झाली. कासारमावशी म्हणाल्या, "अगं बाई, असं न्हाई व्हत." जाऊ माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती, म्हणजे मी काहीतरी भलतंच बोलले होते.

"हातात न्हाई भरत मी," सासूबाई म्हणाल्या. "मला न्हाई चालायचं ते. पर आन त्या हिकडं. हिला नगं तर नगं."

म्हणाल्या. मलाही म्हणाल्या. पण ते सोळा बायकांसमोर, नवऱ्याच्या पायासकट, माझं शेडमधलं सगळं उघडं पडल्यावर. मुलीला ते नुसतं हात मागे घेऊन मिळालं होतं.

कासारमावशींनी चुडा दोऱ्यात ओवून सासूबाईंच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो एका हातात धरला आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी हळूहळू खाली-वर करू लागल्या. खळ, खळ. चहा होईपर्यंत, आणि चहा झाल्यावरही. मुलीने हेडफोन नीट लावले आणि ती शेडकडे निघून गेली. मी जाऊ शकले नाही. हिशोब मला करायचा होता.

सोळा बायकांचे प्रत्येकी ऐंशी, एक हजार दोनशे ऐंशी. मुलीचे काही नाही. वरमाईचा नक्षीचा चुडा एकशे ऐंशी.

"तुमी भरला न्हाई, पर दिला मी," कासारमावशी म्हणाल्या. "धरायचा का?"

"धरा," मी म्हणाले.

एक हजार चारशे साठ झाले. वर शकुनाचे एकेचाळीस घालून कासारमावशींना मी एक हजार पाचशे एक रुपये रोख दिले.